अघ्राणता

अघ्राणता किंवा ॲनॉस्मिया म्हणजे वास ओळखण्याची क्षमता पूर्णपणे नाहीशी होणे. ही क्षमता अंशतः कमी झाल्यास तिला अल्पघ्राणता म्हणतात. अघ्राणता हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांचे लक्षण किंवा परिणाम असू शकतो. सर्दीमुळे येणारी अघ्राणता काही दिवसांत ओसरते. विषाणुसंसर्ग, डोक्याला झालेली इजा, नाकाचे जुनाट विकार किंवा मज्जासंस्थेचे आजार यांमुळे ती दीर्घकाळ टिकू शकते, काही वेळा कायमचीही होते.

दृष्टी किंवा श्रवणशक्ती गेल्याचे इतरांच्या सहज लक्षात येते, गंधज्ञान गेल्याचे मात्र बाहेरून दिसत नाही. पुष्कळदा ते खुद्द रुग्णाच्याही उशिरा ध्यानात येते आणि तो 'तोंडाला चव नाही' अशीच तक्रार करतो. कोविड-१९ च्या साथीत हे लक्षण सर्वसामान्यांच्या परिचयाचे झाले. प्रस्तुत लेखात अघ्राणतेची कारणे, निदान व उपचार यांबरोबरच दैनंदिन जीवनावरील तिच्या परिणामांची माहिती दिली आहे. हे परिणाम प्रामुख्याने मराठवाड्यातील बीड जिल्ह्यासारख्या कृषिप्रधान भागाच्या संदर्भात मांडले आहेत.

संज्ञा आणि प्रकार

गंधज्ञानाच्या विकारांचे स्थूलमानाने पुढील प्रकार केले जातात :

• अघ्राणता : कोणताही वास न येणे.
• अल्पघ्राणता : वास क्षीण येणे किंवा केवळ उग्र वासच जाणवणे.
• विशिष्ट अघ्राणता : इतर वास येत असताना एखादाच ठरावीक वास न येणे. ही अवस्था बहुधा आनुवंशिक असते व तिचा फारसा त्रास होत नाही.
• विपरीत घ्राण किंवा पॅरोस्मिया : वास येतो, पण तो बदललेला असतो. कांदा, लसूण, कॉफी, भाजलेले मांस अशा ओळखीच्या पदार्थांना कुजकट किंवा जळकट घाण येते.
• आभासी घ्राण किंवा फँटोस्मिया : आसपास काहीही नसताना वास येत असल्याचा भास होणे.

मराठीत वासाच्या छटा दाखवणारे शब्द विपुल आहेत. खमंग, खवट, आंबूस, कुबट, करपट, शिळवट, उग्र, दरवळ, घमघमाट ही त्यांची काही उदाहरणे. मात्र अंध, बहिरा, मुका यांच्या जोडीने वास न येणाऱ्या व्यक्तीसाठी रोजच्या बोलण्यात रुळलेला एखादा शब्द नाही. 'नाक चोंदले', 'वास मारला गेला', 'चव गेली' अशा शब्दप्रयोगांनीच ही अवस्था सांगितली जाते.

आयुर्वेदात नाकाच्या रोगांचे स्वतंत्र विवेचन आढळते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात एकतीस नासारोग सांगितले आहेत. त्यांपैकी अपीनस अथवा पीनस या रोगाच्या लक्षणांत नाक चोंदणे, कोरडे पडणे आणि त्याबरोबर गंध व रस यांचे ज्ञान नाहीसे होणे यांचा समावेश आहे. वास आणि चव एकत्र जातात हे निरीक्षण भारतीय वैद्यकात प्राचीन काळापासून नोंदले गेले होते, असे यावरून दिसते.

गंधज्ञानाची प्रक्रिया

नाकपुडीच्या पोकळीत अगदी वरच्या बाजूला, छताजवळ, काही चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचे घ्राणपटल असते. त्यात घ्राणपेशी, त्यांना आधार देणाऱ्या आधारपेशी व नव्या पेशी निर्माण करणाऱ्या मूलपेशी असतात. श्वासाबरोबर आत आलेले गंधरेणू श्लेष्म्यात विरघळतात आणि घ्राणपेशींवरील ग्राहकांना चिकटतात. मानवात असे सुमारे ४०० प्रकारचे कार्यक्षम ग्राहक आहेत. एक गंध अनेक ग्राहकांना कमीअधिक प्रमाणात उद्दीपित करतो आणि या उद्दीपनाच्या आकृतिबंधावरून मेंदू तो गंध ओळखतो. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना २००४ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक विषयातील नोबेल पारितोषिक मिळाले.

घ्राणपेशींचे सूक्ष्म तंतू कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या सच्छिद्र अस्थिपटातून वर जातात व मेंदूच्या घ्राणकंदात पोहोचतात. तेथून संदेश भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित केंद्रांकडे जातात. इतर ज्ञानेंद्रियांचे संदेश प्रथम थॅलॅमस या मध्यवर्ती केंद्रातून जातात. गंधाच्या संदेशांना मात्र भावना-स्मृतीच्या केंद्रांपर्यंत अधिक थेट मार्ग उपलब्ध असतो. एखाद्या वासाने जुनी आठवण एकाएकी जागी होते, त्यामागे ही रचना असल्याचे मानले जाते.

घ्राणपेशी या चेतापेशी असूनही त्यांचे आयुष्यभर नूतनीकरण होत राहते. गेलेले गंधज्ञान काही महिन्यांनीही परत येऊ शकते, ते याच गुणधर्मामुळे.

वास आणि चव

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी उमामी या मूलभूत चवी कळतात. पदार्थाचा जो 'स्वाद' म्हणून ओळखला जातो, त्याचा मोठा भाग मात्र वासाचा असतो. घास चावताना सुटलेले गंधरेणू घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात जातात आणि घ्राणपटलापर्यंत पोहोचतात. गंधज्ञान गेलेल्या व्यक्तीला आमटीतील मीठ, चिंचेचा आंबटपणा व गुळाचा गोडवा कळतो, पण जिरे, हिंग, कोथिंबीर व काळा मसाला यांतील फरक कळत नाही. आंबा आणि पपई तिला जवळपास सारखेच, केवळ गोड लागतात. जीभ शाबूत असूनही रुग्ण चव गेल्याची तक्रार करतो, ती यामुळे.

वास आणि ठसका

मिरचीचा ठसका, अमोनियाची नाकाला बसणारी झणझण, पेपरमिंटचा गारवा आणि कांदा चिरताना डोळ्यांत येणारे पाणी या संवेदना घ्राणतंत्रिकेच्या नाहीत. त्या चेहऱ्याच्या त्रिशाखी तंत्रिकेमार्फत कळतात. अघ्राणता असलेल्या व्यक्तीला फोडणीचा ठसका लागतो, पण फोडणीचा वास येत नाही. 'मला ठसका लागतो, म्हणजे नाक ठीक आहे' असा समज होण्याचे हे एक कारण आहे. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, परंतु तव्यावरची भाकरी करपत असल्याचे कळत नाही.

कारणे

श्वसनमार्गाचे संसर्ग : सर्दी, फ्लू व अन्य विषाणुसंसर्ग ही अघ्राणतेची वारंवार आढळणारी कारणे आहेत. नाक चोंदल्यामुळे आलेली अघ्राणता सर्दीबरोबर जाते. घ्राणपटलाला इजा झाली असल्यास मात्र ती टिकून राहते.

नाकातील अडथळा व सूज : ॲलर्जीची सर्दी, सायनसचा जुनाट दाह आणि नाकात वाढणारे मांसल कोंब यांमुळे हवा घ्राणपटलापर्यंत पोहोचत नाही. या गटातील अघ्राणता उपचारांनी सुधारण्याची शक्यता तुलनेने अधिक असते.

पीनस : वैद्यकात याला नाकाचा शोषयुक्त दाह असे म्हणता येईल. यात नाकाचे अंतःस्तर शुष्क होऊन झिजतात, आत खपल्या धरतात आणि नाकाला तीव्र दुर्गंध येतो. घ्राणपटलही नष्ट होत असल्याने तो दुर्गंध खुद्द रुग्णाला जाणवत नाही. जवळचे लोक दूर राहू लागतात आणि रुग्णाला त्याचे कारण समजत नाही. भारतात हा विकार प्रामुख्याने आर्थिकदृष्ट्या दुर्बल वर्गात व स्त्रियांमध्ये अधिक आढळला आहे. दुर्गंधाकडे आकृष्ट झालेल्या माश्यांनी नाकात अंडी घातल्याने अळ्या पडण्याचे प्रकारही अशा रुग्णांत घडतात. त्यावर तातडीने उपचार करावे लागतात.

डोक्याची इजा : पडल्यामुळे किंवा रस्ता अपघातात डोक्याला मार बसल्यास मेंदू कवटीत हिंदकळतो आणि सच्छिद्र अस्थिपटातून जाणारे घ्राणतंतू तुटू शकतात. कवटीला भेग गेली नसतानाही हे घडू शकते. जीव वाचवण्याच्या धावपळीत ही हानी मागे पडते व रुग्ण घरी आल्यावर जेवताना प्रथम लक्षात येते.

वय आणि मज्जासंस्थेचे विकार : वयोमानानुसार गंधज्ञान मंदावते. रिचर्ड डोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ ते ८० वर्षे वयोगटातील निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये गंध ओळखण्याची क्षमता बरीच घटलेली आढळली. ऐंशीच्या पुढे हे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश होते. पार्किन्सन आजारात हातांचा कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी गंधज्ञान कमी झालेले असू शकते. अल्झायमर आजारातही ते लवकर बाधित होते.

जन्मजात कारणे : काही व्यक्तींना जन्मापासूनच वास येत नाही. कालमन संलक्षणात याबरोबर वयात येण्याची प्रक्रियाही लांबते किंवा होत नाही. अशा व्यक्तींना 'वास' म्हणजे काय हे केवळ इतरांच्या बोलण्यावरून ठाऊक असते आणि कित्येकदा शालेय वयापर्यंत हा दोष उघड होत नाही.

इतर कारणे : दीर्घकाळ धूम्रपान, काही रसायनांचा दीर्घ संपर्क, विशिष्ट औषधे, मेंदूच्या पुढील भागातील गाठी व त्या भागातील शस्त्रक्रिया यांमुळेही गंधज्ञान बाधित होते.

कोविड-१९ आणि अघ्राणता

२०२० मध्ये कोविड-१९ ची साथ पसरल्यावर नाक वाहत किंवा चोंदलेले नसतानाही अचानक वास जाणे हे या आजाराचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण असल्याचे दिसून आले. ब्रिटनने १८ मे २०२० रोजी आणि भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ जून २०२० रोजी वास अथवा चव जाणे या लक्षणाचा कोविडच्या अधिकृत लक्षणांत समावेश केला. सार्स-कोव्ह-२ हा विषाणू प्रामुख्याने घ्राणपेशींवर नव्हे, तर त्यांच्या आधारपेशींवर हल्ला करतो असे संशोधनातून पुढे आले. विषाणूला शिरकावासाठी लागणारा एसीई-२ हा ग्राहक आधारपेशींवर असतो. बहुतेक रुग्णांचे गंधज्ञान काही आठवड्यांत परत येण्याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. काहींच्या बाबतीत मात्र अघ्राणता अनेक महिने टिकली आणि परतीच्या वाटेवर विपरीत घ्राणाचा टप्पा आला.

पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था व बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये, बाह्य लक्षणे नसलेल्या कोविडबाधितांच्या गंधज्ञानाचे उपकरणाद्वारे मापन केले. बहुसंख्य बाधितांमध्ये घ्राणदोष आढळला, परंतु त्याची स्वतःहून जाणीव झालेल्यांची संख्या थोडी होती. गंधज्ञानाविषयी रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावर विसंबून राहणे पुरेसे नसते, हे या अभ्यासातून अधोरेखित झाले.

साथीच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, कोविडमधून बरे होणाऱ्या, विशेषतः मधुमेही रुग्णांमध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचा प्रादुर्भाव झाला. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. हा रोग नाक व सायनसपासून सुरू होऊन डोळा व मेंदूकडे पसरतो. बाधित ऊती शस्त्रक्रियेने काढून टाकाव्या लागतात आणि त्यात नाकाच्या आतील भागाचीही हानी होऊ शकते.

दैनंदिन जीवनावरील परिणाम

बीड जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटाच्या डोंगररांगेने व्यापलेला असून उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती व तीपैकी बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. कोरडवाहू शेती, पशुपालन आणि ऊसतोडणीसाठीचे हंगामी स्थलांतर ही येथील जीवनाची मुख्य अंगे आहेत. या तिन्हींमध्ये रोजचे कितीतरी लहानमोठे निर्णय वासावरून घेतले जातात.

आहार

अन्नातील रुची कमी झाल्याने काही रुग्णांचे जेवण घटते व वजन उतरते. काही जण चवीची उणीव भरून काढण्यासाठी मीठ, साखर, तेल व तिखट यांचे प्रमाण वाढवतात. उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांना हे अपायकारक ठरते. विपरीत घ्राणात अडचण आणखी वाढते, कारण मराठवाड्यातील बहुतेक भाज्या व आमट्या कांदा-लसणाच्या फोडणीवर आधारलेल्या असतात. घरातील एकाला तो वास असह्य झाला की संपूर्ण कुटुंबाच्या स्वयंपाकात बदल करावा लागतो.

स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचेच गंधज्ञान गेल्यास तिची अनेक वर्षांची सवय निकामी होते. मसाला भाजून झाला, तूप कढले, वरण बुडाला लागू लागले, या गोष्टी अनुभवी हात भांड्यात न पाहता वासावरून ओळखतो. नासलेले दूध, आंबलेले वरण, खवट झालेले शेंगदाणे किंवा तेल आणि शिळे मांस यांची पहिली परीक्षाही नाकच करते. शीतकपाटाची सोय नसलेल्या घरात आणि उन्हाळ्याच्या दिवसांत या परीक्षेचे महत्त्व अधिक असते.

घरातील सुरक्षितता

स्वयंपाकाचा द्रवरूप पेट्रोलियम वायू मुळात जवळजवळ गंधहीन असतो. गळती लक्षात यावी म्हणून त्यात इथिल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन अत्यल्प प्रमाणात मिसळतात. ही संपूर्ण सुरक्षाव्यवस्था ग्राहकाचे नाक काम करीत आहे या गृहीतकावर उभी आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि ठिणगी पडताच पेट घेतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनंतर ग्रामीण भागातील अनेक घरांत प्रथमच गॅसची शेगडी आली. अशा घरांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे मंदावलेले गंधज्ञान हा दुर्लक्षित धोका आहे.

जळणाऱ्या कपड्याचा, तापलेल्या वीजतारेचा किंवा धुमसणाऱ्या कडब्याचा वासही वेळीच न कळल्याने आगीचा धोका वाढतो.

शेती आणि पशुपालन

शेतघरात खते, बियाणे व कीटकनाशके पुष्कळदा एकाच खोलीत असतात. कीटकनाशकांचा उग्र वास हा एक नैसर्गिक इशारा असतो. डबा गळत आहे, फवारणीचा पंप नीट धुतलेला नाही किंवा वाऱ्याची दिशा बदलून औषध अंगावर येत आहे, हे त्यावरून कळते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीदरम्यान विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि फवारणीतील धोक्यांकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. बीड हाही कापूस पिकवणारा जिल्हा आहे. वास न येणाऱ्या व्यक्तीला फवारणीच्या वेळी हा इशारा उपलब्ध नसतो. धान्याच्या कोठीत ठेवल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून सुटणाऱ्या विषारी फॉस्फीन वायूला लसणासारखा किंवा कुजलेल्या माशासारखा वास येतो. तोही अशा व्यक्तीला कळत नाही.

जुन्या विहिरी, मैलाटाक्या व शेणखताचे बंदिस्त खड्डे यांत हायड्रोजन सल्फाइड हा वायू साचू शकतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु प्रमाण वाढल्यावर तो निरोगी माणसाचेही गंधज्ञान बधिर करतो. म्हणून अशा ठिकाणी उतरताना कोणीही केवळ नाकावर विसंबून राहू नये.

पशुपालकाला मुरघास चांगला मुरला की बिघडला हे वासावरून कळते. जनावराच्या जखमेत पू झाल्याचे, कासदाहात दूध बिघडल्याचे व गोठ्यात अमोनिया साचल्याचेही वासावरून लक्षात येते. दूध संकलन केंद्रांवर दूध स्वीकारताना होणाऱ्या प्राथमिक तपासणीतही झाकण उघडून वास घेणे ही पहिली पायरी असते. स्वयंपाकी, मिठाई बनवणारे, अत्तर व मसाल्यांचे व्यापारी यांच्यासाठी गंधज्ञान हे उपजीविकेचे साधनच असते.

ऊसतोड कामगार

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. हंगामात त्यांचा मुक्काम फडाजवळ किंवा कारखान्यालगत उभारलेल्या कोप्यांमध्ये असतो. कोपीच्या आसपास पाचट, चिपाडे व वाळलेले वाढे असतात आणि स्वयंपाक बहुधा चुलीवर होतो. रात्री धुमसणाऱ्या पाचटाचा वास वेळीच येणे हे अशा वस्तीत सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

स्थलांतराचा परिणाम उपचारांवरही होतो. अघ्राणतेच्या उपचारांत अनेक आठवडे सातत्य आणि पुनर्तपासणी लागते. वर्षातील सुमारे सहा महिने परगावी असलेल्या कुटुंबाला ते साधणे कठीण जाते. पहाटेपासून अंगमेहनत करणाऱ्याला 'वास येत नाही' ही तक्रार दवाखान्यात जाऊन रोजगार बुडवण्याइतकी गंभीर वाटत नाही. त्यामुळे नाकातील कोंबांसारखी उपचारयोग्य कारणेही मागे पडतात.

शारीरिक स्वच्छता आणि नातेसंबंध

स्वतःच्या घामाचा, तोंडाचा किंवा कपड्यांचा वास कळत नसल्याने अनेक रुग्णांच्या मनात संकोच राहतो. काही जण पुनःपुन्हा आंघोळ करतात, काही जण लोकांत मिसळणे टाळतात. तान्ह्या बाळाचे दुपटे ओले झाले की बाळाने शी केली हे वासावरून कळत नसल्याने आईला वरचेवर पाहावे लागते. बाळाच्या डोक्याचा, जोडीदाराचा, आपल्या घराचा ओळखीचा वास नाहीसा झाल्याने परकेपणाची भावना निर्माण होते, असे रुग्ण सांगतात. दीर्घकालीन अघ्राणतेत खिन्नता व एकाकीपणा यांचे प्रमाण वाढलेले आढळते.

स्मृती, ऋतू आणि सण

पहिल्या पावसाने उठणारा मातीचा गंध दुष्काळप्रवण प्रदेशात केवळ सुखद नसतो, तो पेरणीच्या दिवसांची चाहूलही असतो. या गंधाला इसाबेल बेअर व रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये पेट्रिकोर हे नाव दिले. त्यातील जिओस्मिन हे संयुग मातीतील सूक्ष्मजीव तयार करतात आणि मानवी नाक ते अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही ओळखते. हुरड्याची आगटी, गुऱ्हाळातील उकळता रस, दिवाळीतील उटणे, पूजेतील अष्टगंध व उदबत्ती, वारीतील अबीर-बुक्का आणि ईदचे अत्तर यांच्याद्वारे ऋतू व सण नाकाशी जोडलेले असतात. अघ्राणता आलेल्या व्यक्तीसाठी हे प्रसंग दिसतात व ऐकू येतात, पण त्यांचा एक पदर गळून पडलेला असतो.

निदान

कान-नाक-घसातज्ज्ञ रुग्णाचा पूर्वेतिहास विचारून दुर्बिणीने नाकाची तपासणी करतात. आवश्यकतेनुसार सायनसचे सीटी स्कॅन अथवा मेंदूचे एमआरआय केले जाते. गंधज्ञानाच्या मापनासाठी प्रमाणित चाचण्या उपलब्ध आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या चाचणीत चाळीस गंध असतात. जर्मनीत विकसित झालेल्या चाचणीत गंधयुक्त पेनांचा वापर होतो.

गंधाची ओळख संस्कृतिसापेक्ष असते. पाश्चात्त्य चाचणीतील एखादा गंध भारतीय रुग्णाने कधी घेतलेलाच नसेल, तर उत्तर चुकल्यावर दोष नाकाचा की चाचणीचा हे ठरवता येत नाही. त्यामुळे भारतात परिचित गंधांवर आधारलेल्या चाचण्याही तयार करण्यात आल्या आहेत. प्राथमिक पडताळणीसाठी डोळे मिटून, एकेक नाकपुडी बंद करून लवंग, वेलची, कॉफी, साबण असे ओळखीचे पदार्थ हुंगता येतात. कापूर, अमोनिया व पुदिन्याचा अर्क या तपासणीसाठी योग्य नाहीत, कारण त्यांची संवेदना अंशतः त्रिशाखी तंत्रिकेतून येते.

बीड येथील जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही जिल्ह्यातील प्रमुख शासकीय उपचारकेंद्रे आहेत.

उपचार

उपचार कारणानुसार ठरतात. ॲलर्जी व सायनसदाहात नाकात फवारण्याची स्टिरॉइड औषधे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे यांचा उपयोग होतो. नाकातील कोंबांवर औषधे किंवा दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली जाते. पोटातून घ्यायची स्टिरॉइड वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणे धोकादायक असते. मधुमेही रुग्णांत हा धोका अधिक असतो. नाक धुण्यासाठी उकळून गार केलेले पाणीच वापरावे लागते, कारण दूषित पाण्यातील नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून प्राणघातक संसर्ग करू शकतो.

संसर्गोत्तर अघ्राणतेत घ्राणप्रशिक्षण ही सोपी व कमी खर्चाची पद्धत वापरली जाते. जर्मनीतील थॉमस हुमेल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग हे चार गंध सकाळी व संध्याकाळी, प्रत्येकी काही सेकंद लक्षपूर्वक हुंगायचे आणि तो वास पूर्वी कसा होता हे आठवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. हा क्रम किमान बारा आठवडे चालवला जातो. चारही गंध ग्रामीण भागात सहज मिळू शकतात. या प्रशिक्षणाने सर्वांनाच लाभ होत नाही आणि होणारी सुधारणा संथ असते. तंतू तुटल्याने किंवा जन्मतः आलेल्या अघ्राणतेत सुधारणेची शक्यता कमी असते.

आयुर्वेदातील नस्य, म्हणजे नाकात औषधी तेल किंवा तूप सोडणे, हा पारंपरिक उपचार आहे. अघ्राणतेवर तो निश्चितपणे गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा उपलब्ध नाही. काही जस्तयुक्त नाकातील औषधांमुळे गंधज्ञान गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला होता. त्यामुळे नाकात कोणतेही औषध स्वतःच्या मनाने घालू नये, असा सल्ला दिला जातो.

दैनंदिन खबरदारी

गंधज्ञान परत येईपर्यंत किंवा ते येण्याची शक्यता नसल्यास पुढील उपाय सुचवले जातात :

• स्वयंपाकानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणे. नळीची मुदत तपासणे. शक्य असल्यास गळतीसूचक यंत्र बसवणे.
• गळतीची शंका आल्यास विजेचे बटण न दाबता दारेखिडक्या उघडून बाहेर पडणे आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवणे.
• उरलेल्या अन्नावर वेळेची मर्यादा घालणे व शंकास्पद अन्न घरातील दुसऱ्या व्यक्तीला हुंगायला देणे.
• शेगडीवर भांडे असताना स्वयंपाकघर न सोडणे, वेळ लावण्यासाठी मोबाइलचा गजर वापरणे.
• कीटकनाशके मूळ डब्यात, राहत्या खोलीपासून दूर व कुलपात ठेवणे. फवारणी एकट्याने न करणे.
• मीठ-साखर वाढवण्याऐवजी लिंबू, चिंच, मिरी, आले, भाजलेले तीळ, कुरकुरीत कांदा अशा आंबट, तिखट व पोत असलेल्या घटकांनी जेवणात वैविध्य आणणे.
• घरच्यांना व शेजाऱ्यांना या अवस्थेची कल्पना देणे.

यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित आहे. वास न येणाऱ्या व्यक्तीची सुरक्षितता बऱ्याच अंशी इतरांच्या नाकावर अवलंबून असते आणि ती उणीव इतरांना ठाऊक असेल तरच तिचा उपयोग होतो.

कायदेशीर व सामाजिक स्थान

भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. १९९५ च्या पूर्वीच्या कायद्यात ही संख्या सात होती. दोन्ही कायद्यांत दृष्टी व श्रवण यांच्या हानीला स्थान आहे, गंधज्ञानाच्या हानीचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. परिणामी केवळ अघ्राणतेसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही आणि अशा व्यक्तींची स्वतंत्र गणनाही होत नाही.

दृष्टी व श्रवण यांच्या नियमित तपासण्या शाळांमध्ये होतात. ज्येष्ठांसाठी मोतीबिंदू शिबिरे भरतात. गंधज्ञानाची अशी तपासणी रूढ नाही. अनेक देशांत २७ फेब्रुवारी हा दिवस अघ्राणता जागृती दिन म्हणून पाळला जातो. कोविड-१९ नंतर या विषयावरील संशोधनाला गती मिळाली आणि 'वास येतो का?' हा प्रश्न वैद्यकीय तपासणीत पूर्वीपेक्षा अधिक वेळा विचारला जाऊ लागला.

हेसुद्धा पहा

• नाक
• घ्राणतंत्रिका
• कोविड-१९
• पार्किन्सन आजार
• म्युकरमायकोसिस
• बीड जिल्हा